दाराचा वाटा

मी डुकरासारखी आडवी पडले होते आणि माझा नवरा मला चढावरून ओढत होता.

"अवो, दगड लागता पाठीक!" मी ओरडले.

"डुकर बोलता काय कधी?" वरून आवाज आला. "गप पडून रव."

घरामागच्या काजूच्या चढावर हा तमाशा चालला होता. मी ज्यावर पडले होते ती फणसाच्या लाकडाची एक बुटकी, होडीसारख्या तोंडाची गाडी होती. चाकं दोन, सायकलची, पण हवं तेव्हा लांबून दोरी ओढून वर उचलता येणारी; मग गाडी नुसत्या बुडावर घसरायची. तिच्या नाकाला दोर, आणि दोराचं दुसरं टोक वर काजूच्या बुंध्याला साखळीने बांधलेल्या एका लोखंडी रहाटावर. रहाटाशेजारी माझा नवरा, गुणाजी, एक पाय पसरून बसला होता. दुसरा पाय मांडीपासून नव्हता. तो मूठ फिरवायचा, दोर गुंडाळला जायचा, आणि दात्यांच्या चाकावर एक लोखंडी जीभ टक्, टक् पडत राहायची. ती जीभ गाडीला मागे घसरू द्यायची नाही. दमला की तो हात सोडून विडी ओढू शकायचा आणि मी अर्ध्या चढावर आभाळाकडे बघत लटकलेली.

आधी त्याने भाताचं पोतं ओढून बघितलं होतं. पण पोतं म्हणे शहाणं असतं, ठेवलं तसं राहतं. जनावर मेल्यावर अंग टाकतं, एका बाजूला कलंडतं. म्हणून मग बायको.

"आता जरा कलांड," तो म्हणाला.

मी कलंडले. गाडी डुगडुगली, पण उलटली नाही. वर पोचल्यावर त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तो हसला. पाय गेल्यापासून तो असा हसलेला मी बघितला नव्हता. माझ्या पाठीची सालपटं निघाली होती, तरी मी म्हटलं, "आणि एकदा ओढतात काय?"

ही गोष्ट आमच्याकडे रानात जायला कोणी बंदी घातली नव्हती तेव्हाची. शेतराखणीसाठी घरोघर परवान्याच्या ठासणीच्या बंदुका असायच्या. भात घरात आलं की गावातले बंदूकवाले एकत्र पारधीला, म्हणजे शिकारीला, रानात उतरायचे, कारण कणगी आणि रताळी जमिनीत असायची आणि डुकरं एका फेरीत अख्खा मळा नांगरून टाकायची. लवू परब आमच्या गावच्या पारधीचा म्होरक्या. फटफटायच्या आधी तो निघायचा, आणि ज्याला न्यायचं त्याच्या घराच्या बेड्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या फाटकापाशी, थांबून एक कुकारा घालायचा. लांबलचक, शेवटी वर उचललेली हाक. नाव घ्यायचा नाही. कुकारा आला की घरातल्याने बंदूक घ्यायची आणि निघायचं.

पहिला कुकारा नेहमी आमच्या बेड्यावर यायचा. रानात डुकरांच्या वाटेवरच्या किंजळीच्या झाडाखाली बंदूक घेऊन उभं राहायची जागाही गुणाजीचीच ठरलेली. लवू आणि गुणाजी एका वयाचे, एकाच विहिरीत पोहायला शिकलेले. माझं लग्न झालं तेव्हा मला वाटायचं, मी सवतीवर आले आहे.

मग ते झालं. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, खोलात एक जखमी डुक्कर उलटून आमच्या ह्यांच्यावर आलं आणि त्याने मांडी फाडली. जनावर वाहून आणायला जो वासा नेला होता, त्याच वाशाला कांबळ्याची झोळी बांधून लवू आणि बाकीच्यांनी यांना गावात आणलं. डुकराला कोणी हातही लावला नाही, ते तिथेच पडून कुजलं. वाटेभर हे ओरडत होते म्हणे, "माका खाली ठेवा, मी चलतंय." जखम नासली. शहरातल्या दवाखान्यात पाय कापावा लागला. लाकडी पाय मिळाला, पण तो सपाट रस्त्याचा. आमच्या गावात सपाट असं एक देवळाचं अंगणच. तो पाय माळ्यावर गेला आणि यांनी कुबडी धरली.

त्यानंतर आमच्या बेड्यावर कुकारा आला नाही. दाराचा वाटा यायला लागला.

हे जरा नीट सांगायला हवं. आमच्याकडे पारधीचा नियम साधा होता. जनावर उचलताना वाशाला ज्याचा हात लागला, त्याचा वाटा. रस्त्याने जाणारा परका माणूस असला तरी त्याने हात लावला की तो वाटेकरी. मुंडकं मारणाऱ्याचं, एक वाटा कुत्र्यांचा, बाकी सगळे सारखे. वाटे जिथे मांडले जायचे तिथेच जाऊन आपला उचलायचा. हा हाताचा वाटा. आणि ज्या घरात हात लावायला माणूसच उरलेला नाही, विधवेचं घर, आंधळ्याचं, अंथरुणाला खिळलेल्याचं, त्या घराचा वाटा सागाच्या पानात बांधून बेड्याच्या खांबाला अडकवून ठेवायचे. हाक मारायची नाही, मागे बघायचं नाही. हा दाराचा वाटा. उपाशी कोणी राहू नये म्हणून कुणा शहाण्याने ही रीत घातली असेल. पण तो पुडा आपल्याच खांबाला दिसतो तेव्हा काय वाटतं ते घालणाऱ्याने बघितलं नव्हतं.

पहिल्यांदा पुडा दिसला तेव्हा हे ओटीवर बसून होते. बराच वेळ त्यांनी खांबाकडे बघितलं.

"लवून ठेवल्यान," ते म्हणाले. "गाठ त्येची असा."

त्या मटणाला त्यांनी कधी तोंड लावलं नाही. मी शिजवायचे, शेजारी द्यायचे, एकटी खायचे. टाकून द्यायचं पाप माझ्याने व्हायचं नाही. आणि खरं सांगायचं तर मला सागोती आवडायची. कुणी काही म्हणो.

अशी काही वर्षं गेली. एकुलती मुलगी लग्न होऊन सासरी गेली. हे शेताच्या कडेला कातळाआड बसून राखण करायचे, एखादा बार काढून डुकरं हाकलायचे. मारलं तर आणणार कोण, म्हणून मारायचे नाहीत. मग एकदा तिठ्यावरच्या चहाच्या दुकानात पारधीच्या गोष्टी निघाल्या. हे बाकावर होते. कुणीतरी म्हणालं, यंदा गुणाजीला नेऊया, नेम अजून तसाच आहे. त्यावर बाबल म्हणाला, "व्हयतर! पण आधी कोणाक उचलूचा, डुकराक की गुणाजीक?"

सगळे हसले. बाबलच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याचं तोंडच तसलं. हेही हसले. घरी येऊन मला सांगताना पुन्हा हसले. आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने बाजारात जुजे मेस्त्रीकडे गेले.

जुजे मेस्त्री विहिरींचे रहाट आणि मचव्यांच्या कप्प्या करायचा. पुढे त्याच्या दुकानात मीही एक-दोनदा गेले. ह्यांनी जमिनीवर कोळशाने चित्रं काढून दाखवली. चढावर जनावर ओढायला रहाट. गाडी, जिच्यावर जनावर जमिनीवरूनच ओढून घेता येईल. आणि घरी आणल्यावर टांगायला तीन बांबूंचं तिकाटणं, कप्पी लावून, बसल्या बसल्या सोलता येईल इतक्याच उंचीचं. जुजे मेस्त्री डोकं खाजवत बघत राहिला.

"करतलंय," तो म्हणाला. "पण एकट्यान जावचा कित्या, गुणाजी? तुझी माणसां आसत मां?"

"आसत म्हणानच," हे म्हणाले.

मला वाटलं, रागाने बोलले.

काजूच्या चढावर माझी पाठ सोलवटून झाल्यावर आठवड्यातच त्यांनी ठरवलं. मी भाकरी बांधून दिली. त्यांनी बंदूक गाडीत घातली, साखळी, रहाट, दोर घातला, आणि एक हात कुबडीवर, एक गाडीच्या दांड्यावर असे ते उजाडताना निघाले.

"मी येव?" मी विचारलं.

"नाय."

"लांब रवान बघतंय."

"भागी, नाय म्हटलंय मां? तू इलंस तर ता तुझ्या हातान झाला असा होतला."

मी घरी राहिले. म्हणजे झाडलोट केली, गोठ्यात गेले, परत आले, पुन्हा गोठ्यात गेले. ऊन अंगणात आलं तेव्हा कातळाकडून बार ऐकू आला. एकच. मला त्यांचा बार ओळखू येतो. दुसरा आला नाही, म्हणजे एकतर जनावर पडलं किंवा पळालं. किंवा तिसरं. तिसऱ्याचा विचार मी गोठ्यातल्या शेणात बुडवून टाकला आणि हात धुऊन व्हाळाकडे चालू लागले. गावात यायची वाट व्हाळातूनच होती. तिथवर जायला मला कोणी मनाई केली नव्हती.

मी पोचले तर वरच्या अंगाला टक्, टक् ऐकू येत होतं.

ते दिसायला खूप वेळ लागला. आधी दोर ताणलेला दिसला, मग हे, पायरीच्या झाडाखाली बसून मूठ फिरवताना, अंगातून घाम निथळत होता, आणि मग खालून हळूहळू गाडीचं नाक, आणि तिच्यावर काळा, राठ केसांचा, मोठा नर. सुळे दिसत होते. गाडी वर आली की चाकाखाली दगड लावायचा, साखळी सोडायची, रहाट पाठीवर घेऊन कुबडीने पुढच्या झाडाशी जायचं, तिथे बसायचं, पुन्हा मूठ. असे बसत, उठत, बसत ते कातळापासून इथवर आले होते. मला बघून त्यांनी फक्त मान हलवली. मला रडू आलं, ते मी व्हाळाच्या पाण्याने धुतलं.

एवढ्यात खालच्या मळ्यातून माणसं आली. बार सगळ्यांनी ऐकला होता. पुढे बाबल, त्याच्यामागे अंकुश, आणि सगळ्यांच्या मागून, घाई नसल्यासारखा, लवू.

"आयशप्पत!" बाबल ओरडला. "गुणाजी, ह्यो तुया मारलंस?" आणि तो धावत येऊन गाडीच्या दांड्याला हात घालणार, तोच हे ओरडले, "हात लावू नको!"

बाबल थबकला. त्याला ती गंमत वाटली. तो हसत बाजूला झाला.

आता व्हाळ ओलांडायचा होता. पाणी घोट्याएवढंच, पण पलीकडचा काठ उभा. हे कुबडी टेकत, घसरत पलीकडे गेले, वर चढताना एकदा हातावर पडले, उठले, वडाच्या मुळीला साखळी बांधली आणि मूठ फिरवू लागले. गाडी पाण्यात उतरली, मधोमध आली, आणि तिचं एक चाक दोन दगडांत रुतलं. दोर तारेसारखा ताणला. रहाट कुरकुरला. लोखंडी जीभ एका दात्यावर अडून राहिली.

लवू पाण्यात उतरला. त्याने कुणाला विचारलं नाही, विचारायची रीतच नव्हती. तो गाडीच्या मागे गेला, वाकला, आणि त्याने हात पुढे केला.

"लवू," हे वरून म्हणाले. आवाज मोठा नव्हता. "हात लावू नको."

लवूने वर बघितलं. त्याचा हात तसाच, डुकराच्या पाठीपासून वीतभर. पाण्याचा तेवढा आवाज येत होता. मी काठावर उभी होते आणि मला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी बोलेल. लवूने हात मागे घेतला आणि भिजलेला नव्हता तरी धोतराला पुसला.

ह्यांनी चाकं उचलायची दोरी ओढली, गाडी बुडावर आली, दगडावरून घसरली, आणि मूठ पुन्हा फिरायला लागली. टक्, टक्, टक्. काठ चढून गाडी वर आली. हे मूठ धरून हसत होते, धापा टाकत होते, आणि लवूकडे बघत होते. पोर झाडावर चढल्यावर खाली उभ्या बापाकडे बघतं तसे.

"झकास असा यंत्र," लवू म्हणाला. आणि वळून मळ्यातून निघून गेला.

घरी तिकाटण्याला जनावर टांगलं. ह्यांनी पाटावर बसून एकट्याने सोललं, साफ केलं, तोडलं. मी फक्त पाणी दिलं, तेही भांडं जमिनीवर ठेवून. त्या दिवशी त्यांच्या अंगात वेगळंच काही शिरलं होतं. गाणंसुद्धा गुणगुणत होते, आणि त्यांना गाणं येत नसे. सागाची पानं मांडून त्यांनी वाटे घातले. मुंडकं बाजूला. कुत्र्यांचा एक. मग एक, आणखी एक, आणखी एक, सारखे, हाताने तोलून.

"ह्ये कोणाचे?" मी विचारलं.

"बाबलाचो. अंकुशाचो. ह्यो लवूचो, बघ, बरगडी घातलंय, तेका आवडता." त्यांनी पारधीतल्या एकेकाचं नाव घेतलं.

"हात खय लागलो तेंचो?"

"नाय लागलो. म्हणान पोचवचे लागतले."

मी पदराने हात पुसत उभी राहिले. "दारात नेवन दिलेलो वाटो कोण घेतलो?" मी म्हटलं. "दाराचो वाटो कोणाक देतत ता तुमका म्हायत नाय?"

"मी खांबाक टांगूक सांगतंय काय? तू हातात दी. हसान दी. इतकी वर्सां तेंनी आमका दिल्यानी, आज माझ्याकडसून." ते पानं बांधायला लागले. त्यांची बोटं रक्ताने चिकट झाली होती आणि गाठ बसत नव्हती. "माझ्या हातचो वाटो तेंच्या घरात शिजलो की झाला. मगे बघ. उद्या रान असा, सगळे पारधीक जातले. उद्या कुकारो येतलो."

त्या तोंडाकडे बघून माझ्याने नाही म्हणवलं नाही. मी पाटी डोक्यावर घेतली.

बाबलच्या दारात त्याची बायको सुशी तांदूळ पाखडत होती. पुडा बघून तिचं सूप थांबलं. "वैनी, आमच्या घरात कोण मेला काय?" ती म्हणाली. हसत म्हणाली, पण पुड्याला हात लावला नाही. "आमचो धडधाकट असा गो. दारात वाटो कित्या?" मी सांगायला लागले, की तसं नाही, ह्यांनी प्रेमाने... पण ती मान हलवत आत गेली. घरातून बाबलचा आवाज आला, "हात लावूक दिल्यान नाय, आनी वाटो धाडता? आमी काय भिकारी?"

अंकुशची आई म्हातारी, मायाळू. तिने मला ओटीवर बसवलं, गूळपाणी दिलं. पाटीकडे मात्र बघेना. मी पुडा काढला तर तिने माझा हात धरून तो परत पाटीत ठेवला. "परत न्हे गो बाय," ती म्हणाली. "झील रानात जाता माझो. दारात ह्या नको." तिच्या डोळ्यांत भीती होती. तिच्यावर मी रागावूही शकले नाही.

बाकीची घरं मी भराभर केली. कुठे दार ओढलेलं, कुठे "आमचो आज उपास". लवूचं घर मी शेवटी ठेवलं होतं. मनात होतं, त्याने घेतलं तर बाकीच्यांचं काय.

लवू ओटीवर बसून सुंभ वळत होता. मी बेड्यातून आत आले तरी त्याने मान वर केली नाही.

"लवूभावजी, ह्यांनी वाटो दिल्यानी," मी म्हटलं. "बरगडी घातल्यानी तुमच्यासाठी."

"कसलो वाटो?"

"मटणाचो."

"हात लागल्याशिवाय वाटो नसता, वैनी. ता तेकाच इचारा." सुंभ त्याच्या मांडीवर वळत राहिला. मग तो थांबला. "त्या दिवशी मी तेका खांद्यार हाडलंय. व्हाळापासून तिठ्यापर्यंत मी खांदो बदलूक दिलंय नाय कोणाक. तेचा रगत माझ्या पाठीर सुकला. आनी आज माका म्हणता हात लावू नको? सगळ्यांच्या म्होरं?"

"तेंच्या मनात तसा नव्हता, भावजी."

"मगे काय होता?"

तेव्हा मलाच ते नीट माहीत नव्हतं. "तेका आता कोणाची गरज नाय," लवू म्हणाला. "बरा झाला. सांगा तेका, लवू म्हणालो बरा झाला." आणि तो सुंभ तिथेच टाकून घरात गेला.

भरली पाटी घेऊन मी परत आले. हे आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ओटीवर बसले होते. बंदूक पुसून, तेल देऊन भिंतीला उभी केलेली. माझ्या डोक्यावरच्या पाटीचं ओझं लांबूनच कळत असेल. तरी त्यांनी विचारलं, "कोण घरात नव्हतां काय?"

"होतीत. घेतल्यानी नाय."

"कोणीच?"

"कोणीच."

"लवून?"

मी लवूचं सगळं बोलणं सांगितलं. खांदा, रक्त, सगळं. ऐकता ऐकता त्यांनी बंदुकीकडे बघितलं, मग व्हाळाच्या बाजूला. मग बोलले, ते माझ्याशी नव्हे.

"माका वाटलां, माझो भार कोणार पडत नाय ह्या एकदा बघल्यानी की न्हेतले माका," ते म्हणाले. "माका एकट्याक जावचाच नव्हता गो. तेंच्यावांगडा जावचा होता. म्हणानच तर ह्या सगळा केलंय."

तेव्हा मला जुजे मेस्त्रीच्या दुकानातलं ते उत्तर कळलं. माणसं आहेत म्हणूनच. एकट्याने रानात राहता यावं म्हणून नव्हे, तर कुणाचं ओझं न होता त्यांच्यात पुन्हा उभं राहता यावं म्हणून त्यांनी ते लोखंड आणि लाकूड जमवलं होतं. आणि त्यातूनच सगळ्यांना ऐकू आलं ते उलटंच, मला तुमची गरज नाही.

"मगे जावन सांगा लवूक," मी म्हटलं. "आत्ता जावा. मी येतंय वांगडा."

त्यांनी कुबडी उचलली. उभे राहिले. बेड्यापर्यंत गेले. तिथे खांबाला हात लावून थांबले, ज्या खांबाला इतकी वर्षं पुडे लटकत होते त्याच खांबाला. मला वाटलं, आता फाटक उघडतील. ते वळले आणि परत आले.

"सकाळी बघया," म्हणाले. "रान असा सकाळी. येतलो तो."

सकाळी आम्ही दोघंही जागे होतो आणि दोघंही झोपल्याचं सोंग करत होतो. कुत्र्यांच्या गळ्यातल्या घंटा लांबून ऐकू आल्या. बाबलच्या बेड्यावर कुकारा झाला. अंकुशच्या झाला. हे उठून बसले, सदऱ्याची बटणं लावली. घंटा आमच्या बेड्यापाशी आल्या. पावलं थांबली, हे मी शपथेवर सांगते, थांबली होती. मग घंटा पुढे गेल्या, व्हाळाकडे, आणि ऐकू येईनाशा झाल्या. ह्यांनी बटणं काढली.

त्या दिवशी त्यांना डुक्कर मिळालं. सगळ्या गावाला मटणाचा वास होता. तिन्हीसांजेला मी बेड्यावर गेले. खांबाला काही नव्हतं. त्यानंतर कधीच काही नव्हतं. जो एकट्याने आणू शकतो, त्याला दाराचा वाटा कशाला? त्यांच्या बाजूने ते रीतीला धरूनच होतं.

आणि आमच्या घरात एक अख्खं डुक्कर. दोन माणसं आणि एक अख्खं डुक्कर. मी त्याच्या पट्ट्या कापल्या, मीठ-हळद लावून चुलीवरच्या दोरीला धुरात टांगल्या. शिमगा येईपर्यंत त्या लोंबत होत्या. रोज एक काढायची, भिजवायची, शिजवायची. ज्या माणसाने इतकी वर्षं दाराच्या वाट्याला तोंड लावलं नव्हतं, तो रोज ताटात पडेल ते मुकाट्याने खायचा. एकदा मी म्हटलं, "नको तर टाकूया." तर म्हणाले, "माझोच असा. कोण खातलो?" सागोतीची मला जी आवड होती, ती त्या हिवाळ्यात गेली. अजून आलेली नाही.

ती गाडी त्यांनी पुन्हा रानात नेली नाही. मी तिच्यावरून लाकडं आणायचे, नारळ आणायचे. रहाट पडवीत टांगून ठेवला होता, त्याच्या जिभेवर गंज चढला. लवू रस्त्यात भेटला की हे थांबायचे, तोही थांबायचा. पाऊसपाणी, भात कसं काय, एवढं बोलून दोघं आपापल्या वाटेने. दोघांपैकी एकाने एक वाक्य बोलायचं होतं. दोघांनीही दुसऱ्याची वाट बघितली.

पुढे बऱ्याच वर्षांनी, एका पहाटे, हे झोपेतच गेले. मुलगी-जावई यायचे होते. शेजारणी माझ्याजवळ बसल्या होत्या. उजाडताना बेड्यापाशी माणसं जमल्याचा आवाज आला, आणि मग, इतक्या वर्षांनी, आमच्या बेड्यावर कुकारा आला. लांबलचक, शेवटी वर उचललेला. शेवटी जरा फाटला, कारण घालणारा म्हातारा झाला होता. आतल्या बाया दचकल्या. मला मात्र वेड्यासारखं वाटलं, की आता हे उठतील आणि बटणं लावतील.

लवू आत आला. मागे बाबल, अंकुश, सगळे. तिरडीसाठी बांबू त्यांनी आणले होते. लवू ह्यांच्या पायाशी उभा राहिला. पायाशी म्हणजे एका पायाशी.

"तेची जागा मी कोणाक दिलंय नाय, वैनी," तो म्हणाला. "त्या किंजळीखाली आजून कोण उभो रवत नाय. सगळ्या वर्सांत नाय."

लवूने तिरडीच्या बांबूकडे हात नेला आणि मध्येच थांबवला. व्हाळात थांबवला होता तसाच, वीतभर अंतरावर.

"ह्येका तरी हात लावूक देशात मां?" त्याने विचारलं.

"लावा, भावजी," मी म्हटलं. "ह्या काय तेंका एकट्यान जमाचा नाय."

त्याने हात लावला. मग बाकीच्यांनी लावला. तिठ्यापर्यंत त्याने खांदा कुणाला बदलू दिला नाही, असं मला मागून कळलं.